चबसाठी फ्लाय फिशिंग: इंग्लंडच्या नद्यांवर उन्हाळ्यात कसे करावे

ट्राउट माशावर शिकलेले फ्लाय फिशिंग, म्हणजे गळावर बांधलेली कीटकासारखी नकली माशी टाकून मासा धरणे, चब या नदीतल्या माशावर जसेच्या तसे चालवले की दोन ठिकाणी हमखास फसगत होते. माशी फार अलगद उतरवली जाते आणि रॉड फार लवकर उचलला जातो. चब हा कार्पच्या कुळातला, म्हणजे आपल्या रोहू-महसीरचा भाऊबंद. तोंड मोठे, ओठ जाड, भूक अफाट. पण काठावर सावली हलली तरी पसार होणारा.

आधी नियम. इंग्लंडच्या नद्यांत 15 मार्च ते 15 जून चब धरायला बंदी असते. हंगाम 16 जूनला उघडतो. वय 13 किंवा त्याहून जास्त असेल तर रॉड लायसन्स लागतेच, शिवाय त्या पट्ट्याची मासेमारी ज्या क्लबकडे किंवा जमीनमालकाकडे असेल त्याची परवानगीही घ्यावी लागते.

सामान

9 फुटी, 5 किंवा 6 नंबरचा रॉड आणि त्याच नंबरची तरंगती लाइन. लाइनच्या पुढे जोडायचा बारीक दोरा म्हणजे लीडर 9 ते 10 फूट, आणि त्याच्या टोकाचा सर्वांत बारीक तुकडा म्हणजे टिपेट 5 ते 6 पौंड ताण सोसणारे. याहून बारीक टिपेट दोन कारणांनी नको: मोठ्या माशीमुळे ते फेकताना पीळ खाते, आणि चब मुळांत घुसला की तुटते. माश्या 8 ते 12 नंबरच्या गळावर बांधलेल्या हव्यात: फोमचा भुंगेरा, नाकतोडा, लांब पायांची डॅडी-लाँगलेग्ज. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका. पाण्यावरची चमक कापणाऱ्या पोलराइज्ड चष्म्याशिवाय जाऊ नका. पाण्यातला मासा आधी दिसणे हेच निम्मे काम आहे.

मासा शोधा

वाय, सेव्हर्न किंवा टेम्सच्या संथ पट्ट्यांत विलो आणि आल्डरच्या झुकलेल्या फांद्यांखाली, फांद्यांना अडकलेल्या काडीकचऱ्याच्या कडेला किंवा कमळपानांच्या बाजूला पाहा. उबदार दुपारी चब पृष्ठभागालगत तरंगत असतात. तोंडे प्रवाहाकडे असतात, म्हणून तुम्ही खालच्या अंगाने, वाकून या. आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभे राहू नका आणि काठावर पाय आपटू नका, जमिनीतली थरथर पाण्यात पोहोचते. जागेवर आलात की लगेच फेकू नका. पाच मिनिटे नुसते पाहा: किती मासे आहेत, मोठा कुठे आहे, आणि अडकला तर तो कुठल्या मुळांकडे धावेल.

फेक

8 ते 12 मीटर अंतर पुरे. माशी चबच्या डोक्याच्या बाजूला किंवा किंचित मागे, फूटभर अंतरावर ‘टप्’ आवाज करून पडू द्या. झाडावरून भुंगेरा पडल्यासारखा आवाज ऐकून तो गर्रकन वळतो आणि निरखायला वेळ न घेता गिळतो. डोक्यासमोर दूरवर टाकलीत तर माशी वाहत येईपर्यंत तो तिची पूर्ण तपासणी करतो. आवाज माशीचा हवा, लाइनचा नव्हे. लाइन माशावरून गेली तर अख्खा थवा बुडी मारतो.

चब माशीमागे येऊन थबकला आणि परत फिरला, तर बहुधा माशी ओढली जात असते. मधला प्रवाह वेगवान असला की तो लाइनला पोट पाडतो आणि माशी पाण्याबरोबर न वाहता तिरकी सरकते. लाइन पडताच रॉडच्या टोकाने ती प्रवाहाच्या वरच्या बाजूला उचलून टाका. तरीही नाकारले तर एक नंबर लहान माशी बांधा, किंवा तो पाहत असताना माशीला एकदाच, अगदी हलका झटका द्या.

घास आणि झुंज

पांढरे तोंड उघडलेले दिसताच हात आपोआप वर जातो. तो आवरा. चबचे तोंड मोठे असल्याने लवकर उचललेली माशी सरळ बाहेर येते. तोंड मिटून, डोके खाली वळून लाइन सरकू लागली की मग रॉड ठामपणे उचला.

पहिले काही क्षण निर्णायक असतात. चब थेट मुळांकडे धावतो, तेव्हा लाइन सोडू नका. रॉड आडवा, पाण्याकडे झुकवून त्याला बाजूला वळवा. ही पहिली धाव रोखली की पुढचा जोर लवकर ओसरतो.

मऊ रबरी जाळीत घ्या, हात ओले करा, गळ फोर्सेप्सने काढा. जबड्यात दात नसले तरी घशात भक्कम दात असतात, त्यामुळे बोट आत घालू नका. 20 सेंटिमीटरपेक्षा मोठा चब नदीत परतच सोडावा लागतो, आणि काट्यांमुळे खाण्यातही फारशी गोडी नाही. प्रवाहाकडे तोंड करून धरा. स्वतःच्या बळावर निघेपर्यंत सोडू नका.

एक मासा लागला की त्या जागेवरचे बाकीचे सावध होतात. तिथेच फेकत बसण्यापेक्षा पुढच्या झाडाखाली जा आणि परतीच्या वाटेवर ती जागा पुन्हा पाहा.