बेळगाव-पुणे इलेक्ट्रिक गाडीनं जाताय? आधी डिकी उघडून केबल बघा

गेल्या खेपेला माझी जी फजिती झाली ती दुसऱ्या कुणाची होऊ नये म्हणून लिहितोय. पाणी, कागदपत्रं, फास्टॅगला बॅलन्स, टायरची हवा, हे सांगायची गरज नाही, एवढं तर पेट्रोल गाडीवाले पण बघतात. आपली यादी वेगळी.

पहिलं म्हणजे पोर्टेबल चार्जरची केबल. गाडीसोबत पिशवीत येते ती, घरच्या १५ अँपच्या सॉकेटला लावायची. ती डिकीत पायजे. घरी जिन्याखाली नव्हे, डिकीत. काय झालं सांगतो. पुण्याला काकूकडं जायचं होतं आणि बेळगावातनं पुण्याला जाताना बेळगाव बासमतीचं पोतं न नेणं म्हणजे काकूच्या दृष्टीनं गुन्हा. डिकीत बॅगा, पोतं, कुंद्याचे डबे, जागा होईना, म्हणून मीच शहाण्यासारखी केबलची पिशवी काढून जिन्याखाली ठेवली. हायवेवर फास्ट चार्जर आहेत की जागोजागी, ही कशाला पायजे, असं म्हटलं पण वर.

जाताना काही झालं नाही. येताना साताऱ्याला चार्जिंगला लावली, पोरं भुकेनं रडायला लागली म्हणून ७५ टक्क्यांवर काढली. कोल्हापूरला थांबायचं ठरलं होतं, पण निपाणीजवळ हायवेला एक चार्जर आहे, तिथं जेवण पण होईल म्हणून पुढं आलो. पोचलो तेव्हा ९ टक्के, आणि चार्जरचा स्क्रीन काळा. दोन दिवस बंद आहे म्हणाले. पुढं तवंदीचा घाट, मागं कोल्हापूर ४० किलोमीटर. हॉटेलवाला बिचारा भला माणूस, म्हणाला मागं पिठाच्या चक्कीचा १५ अँपचा पॉइंट आहे, केबल काढा आणि लावा रात्रभर, काय पैसे होतील ते द्या. केबल काढा! ती ७५ किलोमीटरवर जिन्याखाली. शेवटी भाचा रात्री साडेअकराला बाईकवरनं ती पिशवी घेऊन आला, आणि आजपर्यंत प्रत्येक कार्यक्रमात ती गोष्ट सगळ्यांना सांगतो.

तर केबल. कळलं? तिच्यातनं तासाला ३ युनिट जातात, म्हणजे हायवेचे १८-२० किलोमीटर. किरकोळ वाटतं, पण रात्रभरात घरी पोचण्याइतकं होतं, आणि १५ अँपचा सॉकेट कुठल्याही गावात गावतो.

फक्त सॉकेट असून चालत नाही, अर्थिंग पायजे. हे मला त्याच रात्री कळलं. चक्कीच्या पॉइंटला लावली तर लाल लाईट, चार्जिंग सुरूच होईना. ही केबल आधी अर्थिंग बघते, नसलं तर करंट घेतच नाही. खानापूर तालुक्यातल्या जुन्या घरांत, शेतातल्या मोटारघरात हे हमखास होणार. मग कुणीतरी वायरमन सांगतो, न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतो, होतंय चालू. अजिबात करू द्यायचं नाही. न्यूट्रल कुठं तुटला तर गाडीच्या पत्र्याला करंट येतो आणि दाराला हात लावणारं पोर तुमचं असतं. दुसरा पॉइंट शोधा, आमचं काम बोअरच्या मोटारीच्या बोर्डावर झालं. तीन लाईटचा छोटा सॉकेट टेस्टर मिळतो इलेक्ट्रिकच्या दुकानात, तो केबलच्या पिशवीतच टाकून ठेवा. एक्स्टेंशन नेणार असाल तर जाड वायरची, १५ अँपची. टीव्हीची पांढरी एक्स्टेंशन सहा तासांत वितळते. आणि गुंडाळलेली वायर पूर्ण सोडून मगच वापरायची.

चार्जरची ॲपं दोन-तीन तरी घरी वायफायवर असतानाच घाला, वॉलेटमध्ये पैसे भरून ठेवा आणि ओटीपी ज्या नंबरवर येतो तो फोन गाडीत असू दे. मॅपवर चार्जर हिरवा दिसतो म्हणून विश्वास ठेवायचा नाही, लोकांनी शेवटचं कधी वापरला ते बघा, नंबर असेल तर फोन करा. आणि प्रत्येक चार्जरच्या मागं दुसरा चार्जर धरूनच गाडी पुढं काढायची. २० टक्क्यांच्या खाली येऊन एकाच चार्जरच्या भरवशावर जाणं म्हणजे मी.

रेंजचं कंपनीचं आकडं विसरा. माझी बॅटरी ४० युनिटची, ९०-१०० च्या स्पीडला ६-साडेसहा किलोमीटर पडतात युनिटला, म्हणजे अडीचशेच्या आसपास. १२० नं मारली तर हवेचा जोर एवढा वाढतो की आकडा डोळ्यादेखत पडतो. ८० टक्क्यांच्या वर फास्ट चार्जर पण हळू होतो, तिथं बसून राहण्यात अर्थ नाही, पुढं जाऊन परत लावा.

घाटाचा हिशोब वेगळा. चोर्ल्यातनं गोव्याला जाताना गाडी जवळजवळ फुकटात उतरते, सगळे खूश. येताना साखळीवरनं तेच सातशे-आठशे मीटर चढायचं असतं, त्याचे चार-साडेचार युनिट जास्तीचे धरा. आंबोलीत मुक्काम करून रात्रभर चार्जिंग लावली असेल तर १०० करू नका, ९० ला काढा. एरवी ॲक्सिलरेटरवरनं पाय काढला की मोटारच गाडी हळू करते आणि ती ताकद चार्ज होऊन बॅटरीत परत जाते. बॅटरी भरलेली असली की उतारावर चार्ज परत घेत नाही, मग पाय सोडल्यावर गाडी नेहमीसारखी हळू होत नाही आणि नुसत्या ब्रेकवर घाट उतरावा लागतो.

आता ते अॅडास, म्हणजे कॅमेरा-रडारनं ड्रायव्हरला मदत करणारी यंत्रणा. क्रूझ स्वतःच पुढच्या गाडीमागं चालतंय, लेन धरतंय, ब्रेक लावतंय, बरं वाटतं, लांबच्या प्रवासात पाय दुखत नाही हे पण खरं. पण निघायच्या आधी काचेवर आरशामागचा कॅमेरा आणि बंपरमधला रडार पुसून घ्या. आमच्याकडं दसऱ्याला गाडीची पूजा झाली, झेंडूचा हार बरोब्बर रडारवर, वर हळदीकुंकू, आणि बेळगावजवळच्या काकतीच्या आधीच स्क्रीनवर सेन्सर ब्लॉक. हार बोनेटवर घाला, लिंबू-मिरची कुठं बांधताय ते बघा, फास्टॅग कॅमेऱ्यासमोर चिकटवू नका.

आणि ऊसाचा सीझन. दिवाळीनंतर संकेश्वर, निपाणी, चिक्कोडी भागात रात्री दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर असतात, मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर, ऊस दोन्ही बाजूला बाहेर आलेला. एखादी ट्रॉली एक्सल मोडून लेनमध्येच उभी, मागं चार दगड आणि झाडाची फांदी. आपण जोरात असताना पुढं थांबलेलं वाहन हे क्रूझ ओळखेलच असं नाही, गाडीच्या पुस्तकातच लिहिलेलं असतं, वाचा एकदा. त्या पट्ट्यात रात्री क्रूझ बंद. रस्त्याचं काम चाललंय तिथं जुने पट्टे आणि नवे पट्टे दोन्ही दिसतात, गाडी कुठला धरेल नेम नाही, तिथं लेनचं पण बंद. घाटात तर बंदच. उलट्या बाजूनं बाईकवाला आला की गाडी स्वतःच कचकन ब्रेक मारते, मागं ट्रक असला तर काय ते समजून घ्या.

बाकी पटापट. बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांत स्टेपनी नसते, पंक्चर किट आहे का आणि चालतंय का बघा. बंद पडली तर दोर बांधून ओढायची नाही, पूर्ण गाडी वर घेणारीच क्रेन बोलवायची, नंबर सेव्ह करा. चार्जिंगच्या वेळेवर जेवण बसवा, जेवणाच्या वेळेवर चार्जिंग नको. छत्री. फोनचा चार्जर.

आणि निघताना गाडी चालू करायच्या आधी खाली उतरून डिकी उघडा, केबलच्या पिशवीला हात लावून बघा. आहे असं वाटतंय, बायको म्हणाली ठेवलीय, हे चालणार नाही, हात लावायचा. जागा होत नसेल तर तांदूळ मागच्या सीटवर ठेवा. बेल्टचा अलार्म वाजत राहतो, पोत्याला पण बेल्ट लावायचा.