दारात भाकरी खाणारी कुत्रीच शेळ्या फाडतात: राखणीतल्या या चुका टाळा

आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात शेळी फाडलेली दिसली की लोकांच्या तोंडून पहिला शब्द येतो तो ‘बिबट्या’. आमच्या पश्चिमेला जंगल आहे, बिबटे आहेत, हे खरं. पण मी स्वतः जाऊन पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी काम शेजारच्या कुत्र्यांचं होतं. जी दिवसा आपल्याच अंगणात येऊन शिळी भाकरी खातात, त्यांचंच.

हे मी माझ्या गोठ्यात शिकलो. तीन वर्षांमागं, मार्गशीर्षातल्या एका पहाटे तीन शेळ्या गेल्या. त्यातली एक गाभण, आठ दिवसांत व्यायची होती. माणसं जमली, बिबट्या ठरला, वनखात्याला फोन करायची घाई सुरू झाली. मी बॅटरी घेऊन खाली बसलो. बिबट्या बहुधा नरडं धरतो आणि जनावर ओढून नेतो. इथं तिघींच्या मांड्या मागून फाडलेल्या, एकीचा कान कातड्यावर लोंबत होता, आणि खाल्लेलं जवळजवळ काहीच नव्हतं. चिखलात उमटलेल्या पायांना नखं स्पष्ट दिसत होती. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो. कुंपणाखाली सुपाएवढी माती उकरलेली आणि तारेला पांढरे केस अडकलेले. चौथी शेळी कोपऱ्यात उभी होती, अंगावर ओरखडासुद्धा नाही. संध्याकाळी तीही धसक्यानं गेली.

केस घेऊन शेजारच्या काकांकडं गेलो. “आमचा मोत्या असलं करायचा नाही गा,” काका म्हणाले. मोत्या चुलीजवळ पोत्यावर पडून छाती चाटत होता, आणि त्याची पांढरी छाती तांबूस झाली होती. काकांनी ते बघितलं आणि गप्प बसले. घरात गरीब असलेलं कुत्रं दोन-तीन जणांच्या टोळीत गेलं की वेगळंच वागतं, हे पाळणाऱ्याला पटत नाही. त्याच्यावर चिडून काही होत नाही. पुरावा दाखवायचा आणि रात्री कुत्रं बांधायला लावायचं.

म्हणून मेलेलं जनावर हलवायच्या आधी जखमांचे, पायांच्या ठशांचे आणि उकरलेल्या जागेचे फोटो काढा, आणि पशुवैद्याला बोलवा. वनखात्याची भरपाई वन्यप्राण्यानं मारलं तर असते, कुत्र्यानं मारलं तर नाही. उगाच बिबट्या सांगितला की दोन दिवस त्यातच जातात आणि कुत्री तिसऱ्या रात्री परत येतात. एकदा वाट सापडली की ती येतातच.

आता माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याची चूक. लोक कुंपण उंच करतात आणि तळ मोकळा सोडतात. कुत्रं उडी मारायच्या आधी खाली हुंगतं, आणि जिथं माती भुसभुशीत असेल तिथं पाच-दहा मिनिटांत आत. त्यातून कोंबड्यांची षटकोनी बारीक जाळी लावली तर बघायलाच नको. ती जाळी कोंबडी आत ठेवायला आहे, कुत्रं बाहेर ठेवायला नाही. दातानं ओढली की सुटते. कुंपणाला बांधलेल्या जुन्या साड्या रानडुकरापुढं टिकत नाहीत, त्या कुत्र्यापुढं काय टिकणार? बाभळीच्या फांद्या वाळल्या की बसतात. खर्च एकदाच करा: वेल्डमेश किंवा साखळी जाळी, पाच फूट उंच, आणि खाली दोन फुटांची पट्टी बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवी पसरून तारेनं शिवलेली. तिच्यावर जांभ्याचे चिरे. आपल्याकडं तुटके चिरे फुकट पडलेले असतात. कुत्रं कुंपणाच्या बुडाशी उकरायला लागतं, पायाखाली जाळी लागते आणि ते सोडून देतं. फाटकाखालची फट विसरू नका, चार बोटांपेक्षा जास्त नको. मी रोज दिवेलागणीला काठी घेऊन तळ टोचत फिरतो. काठी आत गेली तर तिथं चिरा पडतो, उद्यावर ढकलत नाही.

भात कापणीनंतर मोकळ्या शेतात शेळी दाव्याला बांधून घरी जेवायला येऊ नका. बांधलेल्या शेळीला पळताही येत नाही.

व्यालेल्या जनावराची वार आणि मेलेली पिल्लं उकिरड्यावर टाकू नका. हात-दोन हात खोल पुरा, वर दगड ठेवा. गावदेवी लक्ष्मीच्या यात्रेनंतरचे आठ दिवस गावभर हाडं पडलेली असतात, तेव्हा राखण दुप्पट.

राखणीला मुधोळ आणणाऱ्यांना माझं स्पष्ट सांगणं आहे. मुधोळ शिकारी कुत्रा आहे, पळणाऱ्याच्या मागं धावणं त्याच्या रक्तात आहे. धनगरांची कुत्री मेंढ्या राखतात, कारण ती पिल्लापासून वाघरीत, म्हणजे मेंढ्यांच्या जाळीच्या वाड्यात, त्यांच्या अंगाला अंग लावून वाढतात. दोन महिन्यांत राखणदार हवा म्हणणाऱ्यानं आधी भिंत बांधावी.

कुत्री मारायला भाकरीत उसाचं दाणेदार कीटकनाशक घालून टाकणारे आहेत. असलं करू नका. त्यानं दुसऱ्याची मांजरं, कावळे, एखाद्या वेळी पोरगं मरतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली जनावराला विष घालणं गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. उलट जनावर निष्काळजीपणे मोकळं सोडून माणसाला धोका करणाऱ्या मालकासाठी कलम 291 आहे. बोलून भागलं नाही तर पंचायतीत पीडीओकडं, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्याकडं, लेखी अर्ज द्या. अर्ज कन्नडमध्ये लिहून न्या, काम लवकर पुढं सरकतं असा माझा अनुभव. शिक्का मारलेली प्रत जवळ ठेवा.

राहिली चावलेली, पण जगलेली शेळी. हळद भरून, फडकं बांधून मोकळं होणं ही माझ्या मते सगळ्यात घातक चूक. हातात प्लास्टिकची पिशवी घाला, जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा, बांधू नका, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. गाडी मिळत नसेल तर 1962 वर फोन करा. रेबीजच्या लसीचे डोस पहिल्या दिवशी (तो शून्य धरायचा) आणि मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, अठ्ठाविसाव्या दिवशी असतात. मधला एक चुकवून चालत नाही. नंतर कधी शेळी घोगऱ्या आवाजात सारखी ओरडायला लागली, तोंडातून लाळ गळायला लागली, तर घशात काही अडकलंय म्हणून तोंडात हात घालू नका. वेगळी बांधा, दूध काढू नका, पोरांना लांब ठेवा आणि डॉक्टरांना बोलवा. लाळ तुमच्या हाताच्या चिरेला लागली असेल तर हात धुऊन तसेच सरकारी दवाखान्यात जा, त्याच दिवशी.