आपल्याला किती पडणार आणि गिऱ्हाइकाला किती सांगायचं: शेडवाल्याचं ईआरपी

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारात शिरलं तेव्हा आमच्या फॅब्रिकेशन शॉपमधली कोटेशनची कार्बनवाली पुस्तकंपण गेली, पाणी ओसरल्यावर कपाट उघडलं तर नुसता लगदा. वेल्डिंग मशीन धुऊन पुसून चालू झालं पण कुणाला काय रेट दिलेला ते काय परत येईना, आणि गिऱ्हाईक सांगणारच ना, अहो तुम्ही तर कमी बोललेलात. तेव्हापासून सगळं ईआरपीनेक्स्टवर, म्हणजे खरेदी, स्टॉक, कोटेशन, हिशोब एकाच जागी ठेवणारं सॉफ्टवेअर (असल्या सॉफ्टवेअरला ईआरपी म्हणतात). मुंबईच्याच फ्रॅपे कंपनीचं आहे, ओपन सोर्स आहे. तुम्ही दुसरं काही वापरत असाल तर बटणांची नावं बदलतील, बाकी हिशोब हाच.

आधी एक गोष्ट डोक्यात बसवा. एस्टिमेट म्हणजे आपल्याला किती पडणार, कोटेशन म्हणजे गिऱ्हाइकाला किती सांगणार. हे दोन वेगळे कागद आहेत, आणि आपल्याकडे फॅब्रिकेशनवाले, सुतार, चिरेवाले सगळेच दोन्ही एकाच आकड्यात कोंबतात कारण समोरचा विचारतोच तसं, "दादा, फुटाला किती?" मुंबईहून चाकरमान्याचा फोन येतो, गणपतीच्या आधी गच्चीवर शेड पाहिजे, आणि आपण फोनवरच फुटाचा रेट फेकून मोकळे. तो आकडा एस्टिमेट पण नसतो आणि कोटेशन पण नसतं, मागच्या वर्षी जो सांगितला त्यात थोडे वाढवलेले असतात, बस.

तर सुरुवात आयटमपासून. पाईप आपण घेतो किलोवर आणि वापरतो नगावर, इथेच पहिला घोळ. आयटमचं मूळ युनिट किलो ठेवा आणि त्याच आयटममध्ये युनिट कन्व्हर्जनच्या टेबलात १ नग म्हणजे किती किलो ते टाका. ५० बाय ५० चा २ एमएम जाडीचा चौकोनी पाईप मीटरला साधारण ३ किलो भरतो, म्हणजे ६ मीटरची लांबी १८ किलोच्या आसपास. गोल सळीला तर सोपं, एमएममधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, मीटरचं वजन आलं. पत्र्याला १ एमएम जाडी आणि १ चौरस मीटर म्हणजे ७.८५ किलो. हे एकदा भरून ठेवा, परत कॅल्क्युलेटर लागत नाही.

आता बीओएम (बिल ऑफ मटेरियल्स), म्हणजे एका शेडला काय काय लागतं त्याची यादी, हेच आपलं एस्टिमेट. इथे घाई करू नका. समजा ८ फुटाचे १० खांब आहेत. ८ फूट म्हणजे २.४४ मीटर, १० खांबांचे झाले २४.४ मीटर, कागदावर मस्त दिसतं. पण ६ मीटरच्या लांबीतून खांब निघतात दोनच आणि १.१२ मीटरचा तुकडा उरतो, म्हणजे लांब्या लागल्या ५, झाले ३० मीटर. फरक ५.६ मीटर, जवळजवळ १७ किलो लोखंड, आणि ते फक्त खांबांचं, छपराच्या कैच्या आणि पर्लिन (पत्र्याखालचे आडवे पाईप) अजून बाकीच. म्हणून बीओएममध्ये पूर्ण लांब्या लिहा, मापाचे मीटर नको. उरलेल्या तुकड्यांचं पुढे ग्रिलला काहीतरी होतं हे मला पण माहितीय पण एस्टिमेट करताना ते विसरा, नाहीतर आपणच आपल्याला डिस्काउंट देतो.

मजुरीसाठी बीओएममध्ये ऑपरेशन असतात, म्हणजे कामाचे टप्पे. वर्कस्टेशन (ते काम होतं ती जागा किंवा मशीन) बनवून त्याचा तासाचा रेट टाकायचा, त्यात वीज, भाडं, पगार आणि बारीकसारीक सामान वेगवेगळं भरता येतं. रॉड, कटिंग व्हील, प्रायमर, थिनर हे बारीक सामान कुणी धरतच नाही. आपल्याकडे तर खाऱ्या वाऱ्याने साधा पाईप लवकर गंजतो, त्यामुळे समुद्राकाठच्या कामाला जीआय (जस्ताचा थर दिलेला) पाईप आणि वेल्ड केलेल्या ठिकाणांवर झिंकचा हात हा वेगळा खर्च आहे, तो वेगळ्या ओळीत पाहिजे.

बीओएममध्ये माल कुठल्या रेटने धरायचा ते निवडावं लागतं: स्टॉकचा व्हॅल्युएशन रेट (शिल्लक मालाची हिशोबातली किंमत), शेवटच्या खरेदीचा रेट, नाहीतर प्राइस लिस्ट. माझं मत, प्राइस लिस्ट. शेवटची खरेदी दिवाळीतली असेल आणि आज मे महिना चालू असेल तर त्या रेटला काय अर्थ? मी दर सोमवारी कराडच्या आणि कोल्हापूरच्या व्यापाऱ्याला फोन करतो, खरेदीच्या प्राइस लिस्टमध्ये आठ-दहा मुख्य आयटमचे रेट बदलतो, आणि बीओएम उघडून कॉस्ट अपडेटचं बटण दाबतो. कुंभार्ली घाटाचं गाडीभाडं आणि हमाली मात्र किलोच्या रेटमध्ये मिसळू नका, वेगळी ओळ ठेवा, कारण पावसात घाट बंद पडला की गाडी लांबून फिरून येते आणि मग नक्की कशामुळे महाग पडलं ते कळत नाही.

खर्च कळला, आता भाव. इथे बरेच जण फसतात. खर्च १ लाख, त्यावर २० टक्के लावून १ लाख २० हजार सांगितले, गिऱ्हाईक म्हणालं "काका, १० टक्के तरी सोडा", आपण सोडले. पण ते १० टक्के गेले १ लाख २० हजारावरचे, म्हणजे १२ हजार, हातात राहिले ८. २० मधले १० सोडले म्हणजे अर्धे उरले असं वाटतं, तसं नाही होत.

कोटेशन बनवताना बीओएमचा खर्च आपोआप तिकडे जाईल अशा भरवशावर राहू नका, विक्रीचा रेट तुम्हालाच ठरवून टाकायचाय. व्हॅलिड टिल ही तारीख रिकामी ठेवू नका, मी ७ दिवस देतो, ऐन पावसाच्या तोंडावर तर ३. तारीख उलटली की स्टेटस एक्सपायर्ड होतं आणि सेटिंग मुद्दाम बदललं नसेल तर त्यावरून सेल्स ऑर्डर बनतच नाही. हे उलट बरंच आहे, गिऱ्हाइकाला सांगायला कारण मिळतं. साधा पत्रा की कलर कोटेड की पॉलीकार्बोनेट असं विचारणारे असतात त्यांना तीन कोटेशनं पाठवू नका, एकाच कोटेशनमध्ये बाकीचे अल्टरनेटिव्ह आयटम म्हणून टाका, ते टोटलमध्ये धरत नाही. १८ टक्के जीएसटी वेगळा की धरून ते ठळक लिहा, भांडणं तिथेच होतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाठवलेलं कोटेशन ड्राफ्टमध्ये ठेवून त्यातच आकडे बदलत बसू नका. सबमिट करा, मगच व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ पाठवा. भाव बदलला तर कॅन्सल करून अमेंड करायचं, नवीन कोटेशन त्याच नंबरच्या पुढे १ लागून येतं आणि जुनं तसंच राहतं. "तुम्ही कमी बोललेलात"ला उत्तर हेच आहे, दोन्ही कागद समोर. काम गेलं तर लॉस्ट मार्क करून कारण टाका, रेट जास्त, उशीर झाला, घरातल्यांचं एकमत नाही, जे असेल ते. दोन मिनिटांचं काम आहे पण आळस येतो, मला पण येतो.

ऑर्डर पक्की झाली की कोटेशनवरूनच सेल्स ऑर्डर बनवा आणि तिला प्रोजेक्ट जोडा. मग त्या कामाची प्रत्येक खरेदी, स्टॉकमधून काढलेला माल आणि टाइमशीट त्याच प्रोजेक्टवर टाकायचं, शेवटी प्रोजेक्टमध्ये खर्च आणि मार्जिन दिसतं ते बीओएमच्या शेजारी ठेवून बघायचं. मी पहिल्यांदा सहा कामं अशी उघडून बसलो तेव्हा वाटलेलं पाईपात मार खाल्ला असणार. पाईप बरोबर होता. पैसे गेले होते पाखाडीत, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेत. गाडी वर रस्त्यावर थांबते, घर खाली वाडीत, आणि २० फुटी पत्रे चार माणसं डोक्यावर घेऊन पायऱ्या उतरतात, एक अख्खा दिवस जातो. आता साइट बघायला जातो तेव्हा पायऱ्या मोजतो आणि बीओएममध्ये "पाखाडी वाहतूक" नावाचं ऑपरेशन आहे, तासांवर.