नाडी पळते म्हणून लगेच गोळी? या चुका टाळा

निवांत बसलेल्या धडधाकट माणसाचं हृदय एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त बाहेर टाकतं. मिनिटाला ७० ठोके धरले तर पाच लिटरच्या आसपास, म्हणजे अंगातलं जवळपास सगळं रक्त मिनिटाला एक फेरी मारतं. गरजेप्रमाणे हा हिशेब शरीर सतत बदलत असतं. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यातला एसए नोड, म्हणजे ठोका सुरू करणारा पेशींचा पुंजका, स्वतःच्या मर्जीवर सोडला तर मिनिटाला १०० च्या आसपास ठोके देईल. मेंदूकडून आलेली व्हेगस नस त्याला आवरून ७० वर ठेवते. काम वाढलं की आधी हे आवरणं सैल होतं, मग ठोके वाढवणाऱ्या सिम्पथेटिक नसा आणि अॅड्रेनलिन हे संप्रेरक जोर लावतात. मानेतल्या धमन्या आणि महाधमनी यांतले दाब ओळखणारे तंतू ठोक्यागणिक मेंदूला खबर देतात. म्हणून नाडी वाढलेली दिसली की ती कमी कशी करायची हे नंतर बघा. शरीराला ती का वाढवावी लागली हे आधी शोधा.

मोजण्यातच गडबड

अंगठ्याने नाडी बघू नका, अंगठ्याची स्वतःचीच धडधड हाताला लागते. तर्जनी आणि मधलं बोट मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला ठेवा. दहा सेकंद मोजून सहाने गुणायची सवय सोडा. ठोके चुकत असतील तर ते पूर्ण मिनिटभर मोजल्याशिवाय कळत नाहीत. विश्रांतीत ६० ते १०० ठीक. पोलीस भरतीसाठी रोज पळणाऱ्या पोराची नाडी ५० असली तरी चालतं, कारण त्याचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त टाकतं. आजोबांची ४० असेल आणि सोबत घेरी येत असेल, तर त्याच दिवशी ईसीजी काढा.

बीपीचं तसंच. तंबाखू मळत किंवा चहा पिऊन लगेच मोजलेलं बीपी खरं नसतं. अर्धा तास जाऊ द्या. लघवी करून या, पाठ टेकवून पाच मिनिटं गप्प बसा, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नको. पट्टा शर्टाच्या बाहीवर नको, उघड्या दंडावर हवा. हात छातीच्या पातळीला टेकवा. लोंबता ठेवला तर आकडा १० किंवा त्याहून जास्त वर दाखवतो. जाड दंडाला लहान पट्टा लावला तरी तोच घोटाळा. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा.

उन्हाळ्यातली घेरी

मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२ च्या वर जातो, आणि त्याआधी वसमतच्या बाजूला हळद शिजवताना उन्हात वाफेची भर पडलेली असते. अंग थंड ठेवायला शरीर कातडीकडे भरपूर रक्त वळवतं आणि घामावाटे पाणी जातं. हृदयाकडे परत येणारं रक्त कमी झालं की प्रत्येक ठोक्यात टाकायलाही कमी उरतं, मग ठोके वाढवून भरपाई होते. विहिरीत पाणीच खाली गेलं असेल तर मोटारीचा दोष काढून उपयोग नाही. त्यात बसलेला माणूस झटकन उठला की अर्धा-पाऊण लिटर रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरतं आणि डोळ्यापुढे अंधारी येते.

हे तपासता येतं. पाच मिनिटं आडवं राहून बीपी आणि नाडी मोजा; मग उभं राहून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने घसरला तर बिघाड आहे. आता नाडी बघा. ती चांगली वाढली असेल तर बहुधा पाणी कमी पडलंय. बीपी पडूनही नाडी जागची हलली नसेल, तर जुन्या शुगरने नसा सुस्तावल्यात का, किंवा ठोके रोखणारी गोळी चालू आहे का, हे डॉक्टरांना विचारा.

इथे दोन चुका हमखास होतात. एक, लघवी जास्त होणारी बीपीची गोळी हिवाळ्यातल्या डोसनेच भर उन्हाळ्यात चालू ठेवणं. उन्हाळा लागताच डोस दाखवून घ्या, मनाने बंद करू नका. दुसरी, ओआरएसची एक लिटरची पुडी ग्लासभर पाण्यात घोळणं. एवढं खारट पाणी फायद्याऐवजी त्रास देतं. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. हृदय किंवा किडनीचा रुग्ण असेल तर पाणी-मिठाचं माप डॉक्टरांनी ठरवलेलंच पाळा. अंग भट्टीसारखं तापलं आणि माणूस बरळू लागला तर तो उष्माघात. अंगावर पाणी मारत, वारा घालत १०८ ला फोन करा.

चक्कर येऊन पडलेल्याला उठवून बसवणं

गर्दी जमते, चार जण काखेत हात घालून त्याला खुर्चीत बसवतात, कोणी तोंडात पाणी ओततं. पडल्यामुळे मेंदूकडे जाणारं रक्त आपोआप सुरू होत असतं, तेच आपण थांबवतो. शिवाय पाणी श्वासनळीत जायची भीती. सपाट झोपवा, पाय फूटभर वर उचला, गळ्याजवळचं बटण सैल करा. मिनिट-दोन मिनिटांत माणूस बोलायला लागतो. नाही लागला तर १०८. श्वास दिसत नसेल तर छातीवर दाब द्यायला लगेच सुरुवात करा. छातीत दुखत असेल किंवा दम लागला असेल, तर मात्र आडवं न करता टेकून बसवा.

मोळी किंवा पोतं उचलताना श्वास कोंडून जोर लावणं, शौचाला कुंथणं, यानेही छातीतला दाब वाढून हृदयाकडचा परतीचा ओघ अडतो. जोर लावताना श्वास सोडा.

धडधडीला ‘टेन्शन’ म्हणून सोडून देणं

रक्त कमी असलेल्या बाईची नाडी विश्रांतीतही ९०-१०० असू शकते, कारण प्रत्येक फेरीत ऑक्सिजन कमी जातो आणि फेऱ्या वाढवाव्या लागतात. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड न तपासता ठोके कमी करणारी गोळी दिली तर शरीराची भरपाईच बंद पडते. तापात एका अंश सेल्सिअसला साधारण दहा ठोके वाढतात, तेही लक्षात ठेवा.

एटेनोलॉल, मेटोप्रोलॉलसारख्या ठोके कमी करणाऱ्या गोळ्या घेत असाल तर त्या अचानक तोडू नका. या गोळ्यांखाली हृदयावरचे अॅड्रेनलिन पकडणारे रिसेप्टर वाढलेले असतात. गोळी गेली की ते सगळे एकदम मोकळे होतात आणि छातीचं दुखणं, क्वचित हृदयविकाराचा झटकाही ओढवतो. यात्रेला निघताना गोळ्यांचं पाकीट घरी राहणं, हे त्याचं नेहमीचं कारण. शुगर कमी झाल्यावर होणारी धडधडही या गोळ्या झाकतात. घाम फुटला तर लगेच शुगर तपासा.

विंचू आणि फवारणी

हृदय सांभाळणाऱ्या नसांवरच घाला घालणारे हे दोन प्रकार शेतात भेटतात. लाल विंचवाचं विष अॅड्रेनलिनचा लोंढा सोडतं: दरदरून घाम, हातपाय गार, बीपी चढलेलं, पुढे फुप्फुसात पाणी. मूळचे जालना जिल्ह्यातले आणि महाडला काम केलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी यावर प्राझोसिन ही बीपी उतरवणारी गोळी वापरून दाखवली. घट्ट बांधणं, चिरा देणं, मंत्र टाकणं यात वेळ घालवू नका. प्राझोसिनने उभं राहताच बीपी पडतं, म्हणून गोळी दिल्यावर रुग्णाला चालवू नका.

कपाशीवर ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक फवारल्यावर ते अंगात गेलं तर बाहुल्या बारीक, तोंडाला लाळ, पोटात कळा आणि नाडी बहुधा मंद, कधी सुरुवातीला जलद. याला ‘ऊन लागलं’ समजून सावलीत झोपवणं घातक आहे. कपडे काढा, साबणाने अंग धुवा, धुणाऱ्याने हातमोजे घाला आणि दवाखाना गाठा. औषधाची बाटली सोबत न्या. डॉक्टरांना लेबलवरचा घटक वाचता आला पाहिजे.