मधुमेही बोक्याचे दात काढायचे आहेत, त्याआधीची तयारी

उतारवयातला, नसबंदी झालेला, अंगाने भरलेला बोका शुगरचा निघाला तर नवल नाही. मांजरांत मधुमेह बहुतेक अशांनाच गाठतो. खरी पंचाईत होते ती सोबत हिरड्या सुजलेल्या, तोंडाला दुर्गंधी आणि कधी उलटी, कधी बद्धकोष्ठ असेल तेव्हा. ही तीन दुखणी वेगवेगळी धरली की गोंधळ सुरू होतो. दाताच्या मुळाशी पू असेल तर शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. शुगर चढली की लघवीवाटे पाणी जातं आणि शी कोरडी होते. तोंड दुखतंय किंवा मळमळतंय म्हणून बोका उपाशी राहिला, तर रोजचाच इन्सुलिनचा डोस त्याला जड जाऊ शकतो. त्यामुळे ‘आधी शुगर पूर्ण आटोक्यात, मग दात’ असा हट्ट धरण्यात फारसा अर्थ नाही, कारण कधीकधी दातच शुगर खाली येऊ देत नाहीत. मात्र लघवीत कीटोन (इन्सुलिन कमी पडल्याने किंवा उपासाने शरीर चरबी जाळू लागलं की तयार होणारे घातक पदार्थ) असतील किंवा अंगातलं पाणी आटलं असेल, तर भूल देण्याआधी ते सावरावं लागतं.

पहिली खरेदी एका साध्या वहीची. वेळ, शुगर, डोस, किती खाल्लं, उलटी, शी आणि आठवड्याचं वजन, सगळं एकाच पानावर हवं. वजनासाठी तान्ह्या बाळांचा काटा मिळाला तर उत्तम. माणसांच्या काट्यावर पाव किलोची घट कळतही नाही, आणि चार किलोच्या जिवाला पाव किलो पुष्कळ झालं.

मग सिरिंज. इथे जरा थांबा, कारण आपल्याकडे केमिस्टच्या दुकानात ४० आणि १०० युनिट प्रति मिली अशी दोन्ही इन्सुलिनं शेजारीशेजारी असतात. लाल टोपणाची सिरिंज ४० साठी, नारिंगी टोपणाची १०० साठी. मांजरांना बरेचदा दिलं जाणारं ग्लार्जिन नावाचं इन्सुलिन १०० चं असतं. ते लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये भरलं, तर रेघ तीच दिसते आणि अंगात अडीचपट डोस जातो. केमिस्ट ‘दोन्ही सारखंच’ म्हणाला तरी बाटलीवरचा आकडा स्वतः वाचा. बाटली फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. वापरलेल्या सुया झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवून दवाखान्यात द्या. कचरा वेचणाऱ्यांच्या हाताला त्या लागू नयेत.

शुगर घरीच मोजायला शिका. दवाखान्यात घाबरलेल्या मांजराची शुगर नुसत्या भीतीने चढते, त्यामुळे तिथल्या एका आकड्यावर डोस ठरवणं फसवं. कानाच्या कडेला किंचित शेकून टोचलं की थेंब येतो. माणसांचा ग्लुकोमीटर चालतो, पण तो मांजरांत थोडा कमी आकडा दाखवतो; म्हणून एकच यंत्र ठरवा आणि ते कोणतं हे डॉक्टरांना सांगा. कीटोन बघायच्या लघवीच्या पट्ट्याही घरात हव्यात.

स्वयंपाकघरात एकच गोष्ट मोठी आहे. दूध-पोळी आणि दूध-भात बंद. आजीला वाईट वाटेल, वाटू द्या. पोळी-भात म्हणजे पिष्ट, आणि मोठ्या मांजरांना दूध बहुधा पचतही नाही. कोरड्या दाण्यांतही पिष्ट बरंच असतं. जास्त प्रथिनांचं ओलं खाणं शुगरला, दुखऱ्या तोंडाला आणि कोरड्या कोठ्याला, तिघांनाही सोयीचं. नुसतं उकडलेलं चिकन मात्र कायमचं जेवण होत नाही, आणि कांदा-लसूण मांजराला विषच. हा बदल डॉक्टरांना सांगून हळूहळू करा, कारण पिष्ट कमी झालं की इन्सुलिनची गरजही घटते आणि जुनाच डोस चालू राहिला तर शुगर एकदम खाली येते.

औषधांबद्दल एक प्रश्न आधीच विचारून ठेवा: यात स्टेरॉइड आहे का? सुजलेल्या हिरड्यांसाठीही ते देतात, आतड्याच्या सुजेसाठीही देतात, आणि ते शुगर चढवतं. द्यावंच लागलं तर इन्सुलिनचा हिशेब नव्याने मांडायला हवा. बद्धकोष्ठाच्या गोड सिरपबद्दलही विचारा. दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल मात्र चुकूनही नको. मांजरासाठी ते प्राणघातक आहे.

भुलेच्या दिवसासाठी सकाळची पहिली वेळ मागा. उपास किती तासांचा आणि त्या सकाळी इन्सुलिन किती, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. बरेच जण डोस कमी करायला सांगतात, पण तो आकडा स्वतःच्या मनाने ठरवू नका. आधी रक्त तपासणार का, दातांचा एक्स-रे काढणार का (मुळं हिरडीखाली कुजलेली असतील तर वरून दिसत नाहीत), भुलेत शुगर दर किती वेळाने बघणार आणि घरी जाताना वेदनेवर काय देणार, हेही विचारा. या प्रश्नांनी वैतागणारा दवाखाना मी तरी निवडणार नाही.

घरी आणल्यावर मऊ, किंचित कोमट खाणं पुढे करा. दुखरा दात गेल्यावर इन्सुलिनची गरज झपाट्याने घटू शकते, म्हणून पहिले दिवस शुगर नेहमीपेक्षा जास्त वेळा बघा आणि खाल्ल्यावरच सुई द्या. नाही खाल्लं तर आधी फोन. दिवसभर काहीच खात नसेल, तर वाट बघू नका. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साचते आणि मधुमेहात कीटोनही वाढतात.

ग्लुकोज पावडर किंवा मध हाताशी असू द्या. शुगर फार खाली जाऊन बोका लडखडला, गळून पडला, थरथरला तर ते हिरडीला चोळा, घशात ओतू नका, आणि दवाखाना गाठा.

गणपतीला गावी जाणार असाल, तर शेजारच्या काकूंना सुई शिकवण्याचं काम आत्ताच हाती घ्या. आधी रिकाम्या सिरिंजने मोसंब्यावर, मग तुमच्यासमोर बोक्यावर. बारा तासांच्या वेळा, नेहमीचा डोस, खाल्लं नाही तर काय करायचं आणि रात्री उघडा असणारा दवाखाना, एवढं फ्रिजच्या दारावर ठळक अक्षरात लिहून लावा. टोपणाचा रंगही लिहा.