दिवडाचं पिल्लू काही खात नाही? त्याला भरवू नका

सांगलीत कृष्णेकाठी पावसाळ्यात पोरं हमखास दिवडाचं, म्हणजे पाण्यातल्या सापाचं, पिल्लू बरणीत घालून घरी आणतात. मग काळजी सुरू होते, काही खात कसं नाही? ते भ्यालेलं असतं. आडोसा नसलेल्या काचेत साप सहसा तोंड उघडत नाही आणि उपाशी काही दिवस सहज काढतो. त्याचं खरं अन्न बेडकाची पिल्लं, बारीक मासे. दूध तर चुकूनही नको, ते त्याला पचत नाही. जबरदस्तीनं घास कोंबला तर कोवळा जबडा दुखावतो किंवा पोटातलं सगळं उलटून पडतं.

पोरांवर ओरडू नका, त्यांनी मायेनंच आणलेलं असतं. पण साप घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही. बरणी सावलीत ठेवा, झाकणाला भोकं हवीत. संध्याकाळच्या आत जिथं सापडलं तिथंच, पाण्याजवळच्या गवतात सोडा.

अंगावर बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकड्या आणि डोळ्याखाली दोन तिरप्या काळ्या रेघा, ही दिवडाची खूण. बिनविषारी, पण चावतं कडकडून. जरा जरी शंका आली तर हात लावू नका, विषारी घोणशीची पिल्लंही याच दिवसांत फिरतात. वनविभागाच्या १९२६ वर फोन करा.