ऑरोरा टिपताना या चुका टाळा

पुण्याच्या आकाशात ऑरोरा, म्हणजे ध्रुवीय भागात रात्री दिसणारा रंगीत प्रकाश, दिसत नाही. इथे रात्री ढग तांबूस दिसले, तर तो शहराचा उजेड समजावा. पण मे 2024च्या सौरवादळात लडाखमधल्या हानलेहून तांबडा ऑरोरा कॅमेऱ्यात आला. त्यामुळे तिकडे जाणाऱ्यांनी तयारीनिशी जावं, ती संधी पुन्हा कधी येईल सांगता येत नाही.

सगळ्यात जास्त फोटो शटर किती वेळ उघडं ठेवलं यामुळे बिघडतात. ऑरोरा म्हणजे 20-30 सेकंद, असं अनेकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. हिरव्या प्रकाशाला ते मारक आहे. ऑक्सिजनचा अणू तो प्रकाश सेकंदाभराच्या आत सोडतो, त्यामुळे हिरवे पडदे भरभर हलतात आणि लांब शटरमध्ये त्यांचा नुसता हिरवा लगदा उरतो. 2 ते 5 सेकंद ठेवा, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) 3200पर्यंत न्या. तांबडा प्रकाश 200 किलोमीटरहून वर तयार होतो आणि तिथल्या अणूला तो सोडायला जवळपास दोन मिनिटं लागू शकतात. तो मुळातच मऊ, पसरट असतो, तिथे 15-20 सेकंद चालतात. लडाखइतक्या दक्षिणेला तो डोळ्यांना जेमतेम जाणवतो, म्हणून काही दिसत नसलं तरी उत्तर क्षितिजाचा एक फोटो काढून बघाच.

व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) ऑटोवर नको, कॅमेरा तो तांबडेपणा दोष समजून पुसू पाहतो. 3500 ते 4000 केल्विन ठेवा आणि रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा.

कॅनडाकडे गेलात तर ‘स्टीव्ह’ विसरू नका. हा जांभळट अरुंद पट्टा नेहमीच्या ऑरोराच्या दक्षिणेला, पूर्व-पश्चिम पसरतो आणि बहुतेक वेळा तासाभरात विरतो. कॅमेरा उत्तरेकडे रोखून बसलेल्यांना तो डोक्यावर असल्याचा पत्ताच लागत नाही.

फोटोच्या मध्यभागी एकात एक वर्तुळं दिसली तर लेन्सवरचा यूव्ही फिल्टर काढा. लेन्सवरच्या अनंताच्या (खूप दूरच्या फोकसच्या, ∞) खुणेवरही विसंबू नका. स्क्रीनवर तारा मोठा करून हाताने फोकस करा आणि रिंगला चिकटपट्टी लावा. हा सराव पुण्यात गच्चीवरूनही होतो, हिवाळ्यात व्याध शहराच्या उजेडातही ठळक दिसतो. हातमोजे घालूनच करा.

जादा बॅटरी आतल्या खिशात ठेवा. खोलीत शिरण्याआधी बाहेरच मेमरी कार्ड काढून घ्या, मग कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करा. आतल्या उबेत लगेच उघडलात तर लेन्सवर पाणी धरतं. फोटो बघायची घाई सगळ्यांनाच असते, कार्ड हातात असलं की पिशवी उघडावी लागत नाही.